नरसूबाईच्या गाठी, माझी विलायत

विलायतेहून परतल्यावर वर्षभर मी त्या प्रवासाची व्याख्यानं देत होतो. सोलापुरात तीन झाली, पंढरपूर आणि बार्शीला एकेक. एका साप्ताहिकात लेखमालाही आली. बोट, बर्फ, काट्या-चमच्यांची फजिती, सगळं त्यात होतं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. त्यात लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण प्रवास मात्र खोटा होता, कारण त्यातून एक माणूस मी वगळलं होतं. पुढे कुणी त्या प्रवासाचा विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो. घरच्यांनी विचारलं, नातवंडांनी विचारलं, तरी टाळलं. आता सत्तरी उलटली आहे. ज्यांच्यापुढे लाज वाटावी अशी माणसं एकेक करून गेली. म्हणून तोच प्रवास पुन्हा लिहितो आहे, या वेळी त्या माणसासकट.

सोलापूर

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. गावाच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एका धर्मादाय बालकेंद्रात मी डॉक्टर होतो. मूळचा मंद्रूपचा. घरी व्यापार, आणि आमच्या लिंगायतांच्या चार-पाच घरांत डॉक्टर झालेला मी पहिलाच. तो ताठा माझ्या मानेत असा बसला होता की मी खाली वाकून लहान मुलंसुद्धा नीट पाहत नसे. वजनकाटा पाहत असे.

केंद्रात नरसूबाई नावाची सुईण होती. पद्मशाली, घरी तेलुगू बोलणारी, बाहेर आपली सोलापुरी. वय चाळिशीच्या पुढे, अंगानं काटकुळी, लिहिता-वाचता न येणारी. तिच्या हातून जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा एक दोरा ती ठेवायची. मागावर उरलेल्या सुताचा. मुलानं मान धरली की एक गाठ, पालथं पडलं की दुसरी, मग बसलं, उभं राहिलं, चाललं, पहिला शब्द बोललं. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे मधे गेलेला काळ: एक अमावास्या, एक बोट. मूल तीन वर्षांचं झालं की दोरा आईला परत. आया तो लुगड्यांच्या घडीत जपून ठेवायच्या.

मी एकदा म्हटलं, "नरसूबाई, बोट हे काय माप झालं? प्रत्येकाचं बोट वेगळं."

"माझं तर एकच हाय की, डाक्टरसाब," ती म्हणाली आणि बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या हिवाळ्यात मिस पेल्हम नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई हिंदुस्थानच्या दौऱ्यात आमचं केंद्र पाहायला आल्या. निरनिराळ्या देशांतली दोन-तीन वर्षांची मुलं कशी वाढतात, निरोगी वाढ ओळखायची कशी, हा त्यांचा विषय. मी त्यांना काटा दाखवला, उंचीची पट्टी दाखवली, माझ्या सुवाच्य अक्षरातली कार्डं दाखवली. त्या "छान, छान" म्हणत पुढे सरकल्या आणि खिळ्याला लटकलेल्या दोऱ्यांपाशी थांबल्या. पुढचे दोन तास त्या नरसूबाईसमोर जमिनीवर बसून होत्या आणि मी दोघींच्या मधे दुभाषा.

डॉक्टर असूनही माझी पोटदुखी मला त्या दिवशी ओळखता आली नाही. जेवण गेलं नाही, एवढंच आठवतं.

तीन महिन्यांनी पत्र आलं. स्वित्झर्लंडमध्ये अनेक देशांचे डॉक्टर जमणार होते. दोन माणसांचा खर्च मिळणार होता. एक, नरसूबाई, दुसरा, तिचं बोलणं इंग्रजीत सांगणारा कुणीतरी, "बहुधा आपण". सोबत एक यादीही होती. दोन वर्षांच्या मुलाला काय काय यावं: चमच्यानं खाणं, लाकडी ठोकळे रचणं, न धरता पायऱ्या उतरणं, असं बरंच. आपल्याकडच्या मुलांची तपासणी करून निबंध आणावा.

"बहुधा आपण" हे शब्द मी कितीदा वाचले असतील! मग उत्तर लिहिलं: नरसूबाईंच्या घरच्यांची संमती नाही, समुद्र ओलांडणं त्यांच्यात चालत नाही, मी एकटा येईन, दोरे घेऊन येईन.

नरसूबाईला मी विचारलंच नव्हतं. घरच्यांचा तर प्रश्नच नव्हता. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती आणि मुलगा तिच्या शब्दाबाहेर नव्हता.

यादीप्रमाणे तपासणी मात्र केली. केंद्राच्या दारात दगडी पायऱ्या होत्या. भर दुपारी मुलांना वरच्या पायरीवर उभं केलं, उतरा म्हटलं. बहुतेकांनी भोकाड पसरलं.

नरसूबाई म्हणाली, "त्यांच्या घरी पायरी हाय कुटं? पोरगं हितं न्हाय बघायचं. त्याच्या घरात बघायचं असतंय."

"शास्त्र घरोघर हिंडत नसतं, नरसूबाई," मी म्हणालो. आणि निबंधात लिहिलं की सोलापूरची मुलं मागे आहेत.

निघायच्या दिवशी ती स्टेशनवर आली. हातात दोन गाठोडी. एकात कडक भाकरी आणि डब्यात शेंगांची चटणी. "तिकडं लई फिकं खात्यात म्हणं." दुसऱ्यात दोऱ्यांची पेंडी, धुवट फडक्यात बांधलेली.

"पोरांच्या आया इचारत्यात, सांभाळून आणा," ती म्हणाली. मग एक आखूड दोरा वेगळा काढून तिनं हातात धरला. त्यावर चारच गाठी. "ह्यो अंबव्वाच्या पोराचा. उभं ऱ्हायलं आनि तापानं गेलं. ह्यो नको न्यायला. तिच्यापाशी दुसरं काय न्हाय त्याचं."

"सगळे लागतील," मी म्हणालो. खरं तर तो एक नसता तर काही अडणार नव्हतं. पण ती "नको" म्हणाली, म्हणून तो हवा होता.

तिनं तो पेंडीत परत ठेवला. गाडी हलली तेव्हा ती मला हात करत नव्हती, गाठोड्याकडे बघत होती.

बोटीवर आणि मार्सेय

समुद्रानं पहिले चार दिवस मला आडवं केलं. पाचव्या दिवशी भूक लागली ती नरसूबाईच्या चटणीनंच. बोटीवर शाकाहारी माणसाला उकडलेला बटाटा, उकडलेला कोबी आणि रविवारी दोन्ही एकत्र. त्यावर लाल चटणी भुरभुरली की डोळ्यांत पाणी यायचं. तिखटाचं की कशाचं, तेव्हा विचार केला नाही. टेबलावरचा एक गुजराती व्यापारी म्हणाला, "डॉक्टर, वहिनींच्या हाताला चव आहे." मी "हो" म्हटलं. इतकं सोपं खोटं, की मोजलंही नाही.

फ्रान्समधल्या मार्सेयच्या बंदरात जकातीच्या शिपायानं पेटी उघडली. त्यानं कडक भाकरी उचलून टेबलावर आपटली. ठणठण आवाज आला. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं नखानं टोकरून पाहिली. शेवटी मी तुकडा मोडून खाऊन दाखवला, तेव्हा दोघंही हसत सुटले. एकानं थोडा मागितला. तो चावताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग त्यानं दोऱ्यांची पेंडी वर धरली आणि खुणेनं विचारलं, हे काय? भाषा येत नव्हती. मी हात पोटरीइतका खाली नेला, मग गुडघ्याइतका, मग कमरेइतका. त्यानं क्षणभर पाहिलं, स्वतःच्या खिशातून एका लहान मुलीचा फोटो काढून दाखवला आणि पेंडी दोन्ही हातांनी पेटीत ठेवली.

मी निबंधाची वहीही दाखवली होती. ती त्यानं न उघडता टाकली होती.

लंडन

लंडनमध्ये आठ दिवस मिस पेल्हमच्या संस्थेत होतो. तिथलं सगळं पाहून जळफळाट झाला. आमच्या केंद्रात छपराचे पत्रे तापले की आया मुलांना घेऊन चिंचेखाली बसायच्या. इथं मुलांना बसवायला त्यांच्या मापाच्या खुर्च्या होत्या. प्रत्येक मुलाला दुधाचा स्वतःचा पेला, त्यावर चित्र. एका मुलानं पेला सांडला तर दुसरा आणून दिला, कुणी ओरडलं नाही. मी मनाशी म्हणालो, एवढं असेल तर कुणाचीही मुलं पुढे जातील.

मिस पेल्हमनं दोरे मोठ्या टेबलावर एकेक करून पसरले. "बाई आल्या असत्या तर!" असं त्या दिवसातून दोनदा म्हणायच्या. मग त्यांनी विचारलं, "जवळजवळ प्रत्येक दोऱ्यावर चालल्यानंतर ही एक लाल सुताची गाठ आहे. ती कसली?"

मला ठाऊक नव्हतं. पाच वर्षं नरसूबाईबरोबर काम करून मी कधी विचारलं नव्हतं. पण माहीत नाही असं त्या टेबलापाशी म्हणवेना.

"दाढा," मी म्हणालो. "दाढा आल्याची."

त्यांनी ते लिहून घेतलं. लाल शाईनं.

दुसऱ्या दिवशी गोदीजवळच्या गरीब वस्तीत एक पाळणाघर पाहायला गेलो. अरुंद घर, मधे लाकडी जिना. वरच्या पायरीवर एक मुलगी आली, दीड-पावणेदोन वर्षांची असेल. तिनं खाली पाहिलं. मग थांबून ती वळली, जिन्याकडे पाठ केली, पोटावर झाली आणि एक पाय खाली सोडून पायरी चाचपू लागली. टेकला. मग दुसरा.

मी कठडा धरून उभा राहिलो. समोर लंडनचा जिना होता आणि मला आमच्या पूर्व भागातलं एक घर दिसत होतं.

आमच्याकडे विणकराच्या घरात खड्डामाग असतो. विणणारा जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. तीच खोली, तिथंच चूल, तिथंच रांगणारं मूल. एका बाळंतिणीला पाहायला गेलो होतो तेव्हा तिचं थोरलं मूल खड्ड्याच्या काठाशी गेलं. मी ओरडणार तोच नरसूबाईनं माझा दंड धरला. मूल थांबलं, खड्ड्याला पाठ केली, पोटावर झालं आणि पाय खाली सोडून बापाच्या मांडीवर उतरलं. नरसूबाई "बास, शाना झालास रे बाबा" म्हणाली आणि कमरेची पिशवी उघडून लाल सूत शोधू लागली. मी घड्याळ पाहत होतो.

ती लाल गाठ. धोका पाहून पाठ करायला शिकल्याची. यादीतल्या पायऱ्यांचीच ती गाठ होती, आमच्या घरातली. तापल्या दगडावर, परक्या माणसांसमोर रडलेली मुलं मागे नव्हती. मागे होता तो माझा निबंध.

संध्याकाळी मिस पेल्हमकडे जाऊन चूक सांगायला हवी होती. तसं करायचं म्हणजे सांगावं लागणार होतं की मला कळलं नव्हतं आणि नरसूबाईला कळत होतं. मी खोलीवर जाऊन निबंध फाडला आणि नवा लिहायला बसलो.

तळ्याकाठचं गाव

स्वित्झर्लंडमधलं ते गाव इतकं नीटनेटकं होतं की रस्त्यावर शिंकायला संकोच वाटावा. आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या तळ्यासारखंच तळं, पण त्यात कपडे धुणारं कुणी नाही, म्हशी नाहीत. नुसतं पाहण्यासाठी ठेवलेलं पाणी. जेवणात वितळवलेलं चीज आणि त्यात पावाचे तुकडे. सगळे एकाच भांड्यात काटे बुडवत होते. आमच्या घरी उष्ट्या-खरकट्याचे नियम पाळून वाढलेला मी दोन दिवस अर्धपोटी राहिलो. तिसऱ्या दिवशी मीही बुडवला.

सभेत डच डॉक्टरनं दुधाचे आलेख दाखवले. इटलीच्या बाईंनी बाळाला घट्ट गुंडाळून ठेवण्याची त्यांच्या खेड्यातली रीत सांगितली. गुंडाळलेली मुलं उशिरा बसतात का, यावर वाद झाला. एका जपानी डॉक्टरनं सांगितलं की त्यांच्याकडे मूल आईच्या पाठीवर वाढतं, त्यामुळे ते उशिरा रांगलं तरी त्याला जग आधी दिसतं. प्रत्येकाच्या बोलण्यात एक माणूस दिसायचा: माझी परिचारिका, माझ्या गावची दाई, माझी आजी. मी ऐकत होतो आणि माझ्या निबंधात "मी" किती वेळा आहे ते मोजत होतो.

माझी पाळी आली. मी दोरे उंच धरले. खड्डामाग समजावला. सोलापूरची मुलं पायऱ्या उतरत नाहीत, पण त्याच वयात खड्ड्याला पाठ करून उतरतात. तेव्हा मूल त्याच्या घरात पाहावं, परक्या पायरीवर नाही, असं सांगितलं. नरसूबाईचंच वाक्य. आणि म्हणालो, "हे मी घरोघर हिंडून पाहिलं. या गाठींची पद्धत मी बसवली."

सभागृह उभं राहिलं. मिस पेल्हम मात्र बसून होत्या. मग त्याही उठल्या. नरसूबाईसमोर जमिनीवर बसून ऐकलेलं त्यांना आठवत असणारच, पण सभेत त्यांनी ते काढलं नाही. नंतर एवढंच म्हणाल्या, "आणि दाढांचं काय, डॉक्टर?"

"ती नोंद चुकीची झाली," मी म्हणालो. जणू ती त्यांनी चुकवली होती.

रात्रीच्या जेवणाला जपानी डॉक्टर शेजारी बसला. त्यानं एक दोरा मागून घेतला, टेबलावर ताणला. "गाठींमधलं एक बोट म्हणजे एक महिना. बरोबर?"

"बरोबर."

"बोट कुणाचं?"

"माझं."

त्यानं अत्यंत आदरानं माझा हात उचलला आणि बोट सगळ्यांत जवळच्या दोन गाठींच्या मधे ठेवलं. ते मावलं नाही. माझं बोट जाड होतं. दोन्ही बाजूंच्या गाठी त्याखाली गेल्या. त्यानं वर पाहिलं नाही. दोरा हलक्या हातानं गुंडाळला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "ज्यांचं बोट बारीक आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा."

तो नमस्कारही मी पोचवला नाही.

निघताना मिस पेल्हमनं विचारलं, दोरे त्यांच्या संग्रहालयात राहिले तर चालतील का? काचेच्या पेटीत, खाली नाव. मी म्हणालो, आनंदानं. नाव विचारलं, तेव्हा त्या माझ्याकडे पाहत थांबल्या. मी माझं नाव सांगितलं, हिज्जे करून.

पेंडी जशीच्या तशी दिली. अंबव्वाच्या मुलाचा आखूड दोरा तीत होता. तो तरी काढून घ्यावा असं मनात आलं. पण काढला असता तर का, ते सांगावं लागलं असतं.

परत सोलापूर

स्टेशनवर हार घेऊन माणसं आली होती. नरसूबाई मागे उभी होती. गर्दी सरल्यावर पुढे आली. आधी चटणी पुरली का विचारलं. मग दोरे.

"पेटीत समुद्राचं पाणी शिरलं, नरसूबाई. सगळं कुजून गेलं. टाकून द्यावं लागलं."

ती विणकराच्या घरात जन्मली होती. सुताबद्दल तिला काय सांगतो आहे हे मला बोलून झाल्यावर कळलं.

"सूत भिजलं की गाठ आवळती, डाक्टरसाब," ती सावकाश म्हणाली. "सुटत न्हाय."

एवढंच. मग चटणीचा रिकामा डबा घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात ती घरोघर हिंडली. प्रत्येक आईला सांगितलं की दोरे तिच्याच हातून हरवले. माझं नाव घेतलं नाही. अंबव्वा केंद्रात येऊन ओसरीवर बसली. भांडली नाही, रडली नाही. दुपारपर्यंत बसली आणि उठून गेली. पुन्हा कधी आली नाही. मी आत कार्डं लिहीत होतो. आतून तिची पाठ दिसत होती.

माझी व्याख्यानं सुरू झाली. एका व्याख्यानाला नरसूबाई आली होती, बायकांच्या बाजूला, मागे. मी खड्डामागाचा भाग त्या दिवशी गाळला आणि बर्फावर घसरल्याची गोष्ट लांबवली. बायका हसल्या. ती पण हसली.

तिनं मला जाब विचारला असता तर बरं झालं असतं. तिला कितपत कळलं होतं, हे मला आजही माहीत नाही. पण ती दोरे बांधत राहिली आणि मी तिचा मत्सर करत राहिलो. चोरूनही तिच्याकडचं काही कमी झालं नव्हतं, याचा.

अनेक वर्षांनी, मी केंद्र सोडल्यावर, तिच्या घरी गेलो. एक वाक्य ठरवून, कागदावर लिहून, खिशात घालून गेलो होतो. ती थकली होती, डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा मागावर होता. खड्ड्याच्या काठाशी तिची पणती उभी होती.

"कोन ते? डाक्टरसाब? बसा की. बरं झालं आलाव."

मी बसलो. पोरीनं खड्ड्यात पाहिलं. थांबली. पाठ केली, पोटावर झाली, पाय सोडले. आजोबांनी धोटा बाजूला ठेवून तिला मांडीवर घेतलं.

"उतरली व्हय?" नरसूबाईनं आवाजावरून ओळखलं. "पाठ करून?"

"पाठ करून," मी म्हणालो.

तिनं उशाखालून दोरा काढला, लाल सुताचा तुकडा काढला आणि दोन्ही माझ्यापुढे धरले. "मला दिसंना झालंय. तुमी बांधा."

मी शेवटच्या गाठीपाशी बोट लावलं.

"तुमचं नगं," ती म्हणाली. "तुमचं जाड हाय." आणि स्वतःचं बोट दोऱ्यावर ठेवलं. म्हाताऱ्या, बारीक बोटाच्या कडेला मी लाल गाठ मारली.

तिनं चाचपून पाहिली. "सैल हाय. वढा की जरा."

मी ओढली. खिशातला कागद तसाच होता. मुलगा विणत होता, पोर हसत होती, आणि मला वाटलं, आता बोलावं. तिनंही मान किंचित माझ्याकडे वळवून धरली होती, ऐकायला बसल्यासारखी.

"येतो, नरसूबाई," मी म्हणालो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती गेली. कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर लिहिलेलं असं:

नरसूबाई, दोरे कुजले नाहीत. ते मी माझ्या नावानं देऊन टाकले, अंबव्वाच्या मुलाचासुद्धा. पत्रात बोलावणं तुम्हाला होतं. मला क्षमा करा.